मिठावरचा वेग : विक्रमासाठी मोटारसायकल कशी तयार करतात?



वर्गात ‘सर्वांत’ हा शब्द शिकवला की प्रश्नांची रांग लागते. सर्वांत उंच शिखर कोणते? सर्वांत लांब नदी कोणती? आणि मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो : सर्वांत वेगवान मोटारसायकल कोणती? त्याचे उत्तर तसे एका ओळीचे आहे. २५ सप्टेंबर २०१० रोजी रॉकी रॉबिन्सन यांनी ‘अ‍ॅक अटॅक’ नावाच्या, दोनच चाकांच्या पण टॉर्पेडोसारख्या दिसणाऱ्या वाहनातून ताशी ३७६.३६३ मैल, म्हणजे सुमारे ६०६ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला.

पण आम्हाला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. हा वेग खरा, हे ठरवले कोणी? आणि कशावरून? दशांश चिन्हापुढचे ते तीन आकडे कुठून आले? शेजारचा मुलगा ‘माझी सायकल सगळ्यांत फास्ट’ असे म्हणाला की आपण लगेच ‘कशावरून?’ असे विचारतो. मोठ्या माणसांच्या विक्रमांनाही हाच प्रश्न विचारायचा असतो. विक्रमासाठी मोटारसायकल तयार करणे म्हणजे ती नुसती जोरात पळवणे नव्हे. ‘कशावरून?’ या प्रश्नाचे पक्के उत्तर तयार ठेवणे हाही त्या तयारीचा तेवढाच मोठा भाग असतो. ती सगळी तयारी या लेखात आम्ही टप्प्याटप्प्याने सांगणार आहोत.

मैदान मिठाचे

युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला सुमारे ११० मैलांवर वेंडोव्हर नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच बॉनव्हिलचे मिठाचे मैदान पसरले आहे. आपल्याकडे उरण, पेण, भाईंदर या भागांत मिठागरे आहेत. तिथे समुद्राचे पाणी वाफ्यांत घेऊन, उन्हात आटवून माणसे मीठ पिकवतात. बॉनव्हिलचे मिठागर मात्र कोणी बांधलेले नाही. हिमयुगात या प्रदेशात एक अवाढव्य तळे होते. ते आटत गेले आणि त्यातले क्षार तळाशी उरले. आजही हिवाळ्यात या मैदानावर पाण्याचा पातळ थर साचतो. उन्हाळ्यात तो आटतो आणि ओल्या मिठाची पातळी सारखी होते. ऑगस्ट उजाडेपर्यंत जमीन शहाबादी फरशीसारखी सपाट आणि टणक होते. रंग मात्र पांढराशुभ्र!

वेगाच्या विक्रमाला अशी जागा का लागते? एक तर वेग घ्यायला काही मैल लागतात, आणि थांबायलाही तेवढेच लागतात. दुसरे म्हणजे गाडी भरकटली तरी तिला आपटायला झाड, भिंत किंवा खांब नसावा.

पण या जागेचे तोटेही आहेत, ते आधी लक्षात ठेवा. मिठावर टायरची पकड डांबरी रस्त्यापेक्षा कमी असते. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीवर आहे, त्यामुळे हवा विरळ असते. ऑगस्टचे ऊन तिला आणखी विरळ करते. शिवाय मीठ सगळीकडे शिरते आणि लोखंड गंजवते. गाडीची बरीचशी तयारी ही या तोट्यांना दिलेली उत्तरेच असतात.

विक्रम कशाला म्हणायचे?

गाडीवरचा काटा हा पुरावा धरत नाहीत. का, ते बघा. तो काटा चाक किती वेळा फिरले यावरून वेग दाखवतो. मिठावर मागचे चाक थोडे घसरत असते. म्हणजे चाक जास्त फिरते आणि गाडी मात्र तेवढी पुढे सरकत नाही. काटा खोटे बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

म्हणून मैदानावर मोजून आखलेला एक पट्टा असतो, एक मैलाचा किंवा एक किलोमीटरचा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. गाडीने पहिला किरण तोडला की घड्याळ सुरू होते, दुसरा तोडला की थांबते. गाडी पट्ट्यात शिरते तीच भरवेगात, कारण वेग घेण्यासाठी आधीचे दोन-तीन मैल दिलेले असतात. अंतर माहीत आहे, वेळ माहीत आहे, मग वेग काढणे हा चौथीचा भागाकार आहे. एक मैल जायला २० सेकंद लागले तर ३६०० भागिले २०, म्हणजे ताशी १८० मैल.

मग एकदा पळाले की झाले का? नाही. पाठीमागून वारा असेल तर गाडीला फुकटची मदत मिळते. म्हणून जागतिक विक्रमासाठी गाडीला त्याच पट्ट्यावरून उलट दिशेनेही धावावे लागते, तेही दोन तासांच्या आत. जाताना ज्या वाऱ्याने ढकलले, तोच येताना अडवतो. दोन्ही धावांची सरासरी हाच विक्रम. मोटारसायकलींच्या जागतिक विक्रमांना ‘एफ.आय.एम.’ ही आंतरराष्ट्रीय संघटना मान्यता देते, तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय विक्रमांच्या नोंदी ‘अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशन’ ठेवते. बॉनव्हिललाच १९४९ सालापासून ‘स्पीड वीक’ हा मेळावाही भरतो. तिथे पद्धत थोडी निराळी आहे. पहिल्या दिवशी जुन्या विक्रमापेक्षा जास्त वेग दाखवला तर गाडी पहाऱ्यातल्या आवारात ठेवावी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावून दाखवावे लागते. पद्धती दोन, पण मतलब एकच : एकदा झाले तो योगायोग असू शकतो, पुन्हा करून दाखवा.

आधी नियमपुस्तक, मग पाना

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तसा उतावळा मेकॅनिक पहिल्याच दिवशी इंजिन खोलतो. शहाणा मेकॅनिक आधी नियमपुस्तक वाचतो. कारण मोटारसायकलींचे शेकडो गट असतात. इंजिन केवढे? अगदी ५० सीसीपासून ३००० सीसीपर्यंत गट आहेत. सांगाडा कंपनीने विकला तसाच आहे, थोडा बदललेला आहे, की नव्याने घडवलेला आहे? अंगावर कवच आहे का? इंधन साधे पेट्रोल आहे की खास मिश्रण? प्रत्येक उत्तराप्रमाणे गट बदलतो आणि प्रत्येक गटाचा विक्रम वेगळा असतो. म्हणूनच छोट्या स्कूटरच्या इंजिनावरही कोणी जगज्जेता होऊ शकतो. कुस्तीत जसे वजनी गट असतात, तसेच हे.

इथे ‘सीसी’ म्हणजे काय ते सांगायला हवे. इंजिनातल्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, पिस्टन वर-खाली होतो. तो एका खेपेत जेवढी जागा व्यापतो ती घन सेंटिमीटरमध्ये मोजली की झाले सीसी. हिशोब सोपा आहे : वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले पिस्टनची चाल, गुणिले सिलिंडरांची संख्या. आपल्यापैकी अनेकांच्या काकांच्या किंवा मामांच्या दारात ‘बुलेट’ उभी असते. ती बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डची दोन सिलिंडरांची ‘कॉन्टिनेंटल जीटी ६५०’ ही गाडी घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ७.८ सेंटिमीटर आणि पिस्टनची चाल ६.७८ सेंटिमीटर. क्षेत्रफळ आले सुमारे ४७.८. त्याला ६.७८ ने गुणले की ३२४, आणि सिलिंडर दोन, म्हणून ६४८ सीसी. चेन्नईजवळच्या कारखान्यात जन्मलेल्या या जातीच्या गाडीत फेरफार करून २०१८ साली ती बॉनव्हिलला उतरवली होती. केला रिव्हास या १८ वर्षांच्या मुलीने तिच्यावर ताशी १५७.०५३ मैल वेग नोंदवला.

सगळ्यांत मोठा शत्रू : हवा

सायकलवर ताठ बसून वाऱ्याच्या विरुद्ध जा, मग हँडलवर वाकून जा. फरक लगेच कळेल. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो किती वाढतो, हे ऐकून मोठ्यांनाही नवल वाटेल. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. आणि त्या विरोधातून दुप्पट वेगाने वाट काढायची असल्याने इंजिनाची ताकद आठपट लागते. दोन गुणिले दोन गुणिले दोन! ताशी १०० मैलांना हवेशी झुंजायला २५ अश्वशक्ती पुरत असेल, तर २०० मैलांना २०० अश्वशक्ती लागेल.

म्हणून हुशार माणसे ताकद वाढवण्याच्या आधी विरोध कमी करतात. आरसे, दिवे, नंबरप्लेटचे आधार, मागे बसणाऱ्याची पावलटेकणी, असे वाऱ्यात येणारे सगळे काढून टाकतात. हँडल अरुंद आणि खाली घेतात. स्वाराची बैठक मागे सरकवतात, म्हणजे तो टाकीवर पोट टेकून जवळजवळ आडवा होतो. कोपर आणि गुडघे आत. कारण स्वाराचे अंग हाच बहुतेक वेळा वाऱ्याचा सर्वांत मोठा अडथळा असतो.

याची गंमतीदार गोष्ट १९४८ सालची आहे. रोली फ्री नावाचे स्वार बॉनव्हिलला व्हिन्सेंट मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांना १५० मैलांचा आकडा गाठायचा होता. थोडेसेच कमी पडत होते, आणि वाऱ्याने त्यांचा चामड्याचा पोशाखही फाटला होता. मग १३ सप्टेंबरला ते नुसती पोहण्याची चड्डी, डोक्याला टोपी आणि पायांत बूट अशा अवतारात गाडीवर पालथे झोपले, पाय मागे सरळ सोडले आणि सुटले. वेग भरला ताशी १५०.३१३ मैल! त्यांचे ते छायाचित्र जगभर गाजले. पण मुलांनो, आज कोणी त्या वेशात आले तर त्याला आरंभरेषेजवळही फिरकू देणार नाहीत. मीठ दिसते साखरेसारखे, पण त्या वेगात अंगाला लागले तर सँडपेपरचे काम करते.

इंजिनाचा श्वास

इंजिन हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जाळते. बॉनव्हिलच्या उंचीवर हवा विरळ असल्याने प्रत्येक श्वासात कमी हवा आत जाते आणि साध्या इंजिनाची सुमारे आठवा हिस्सा ताकद तिथेच कमी होते. घरी बरोबर जुळवलेले मिश्रण तिथे बिघडते, कारण हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच. मग कार्बोरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकांची तोटी, बदलावे लागते. नव्या इंजिनांत हेच काम संगणकावर करतात.

पण कमी करताना जपून! शहरात आपण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर फार तर काही सेकंद देतो. मिठावर तो मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ पूर्ण उघडा असतो. मिश्रणात पेट्रोल फार कमी पडले तर आतली उष्णता इतकी वाढते की पिस्टनला भोक पडते. ते कळायचे कसे? एक जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. धाव संपताच इंजिन बंद करतात आणि प्लग काढून त्याचा रंग बघतात. काळा कुळकुळीत असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी आणि धोका जवळ. फिका तपकिरी, चहाच्या रंगाचा असेल तर सगळे ठीक. वैद्य जशी जीभ बघतो, तसा मेकॅनिक प्लग बघतो.

दातांचा हिशोब

इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोचवण्याचे काम गिअर, चेन आणि स्प्रॉकेट करतात. समजा, सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ४ फेरे झाले की चाकाचा १ होतो. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर चाक २,००० घेईल. चाकाचा घेर २ मीटर असेल तर मिनिटाला ४,००० मीटर, म्हणजे ताशी २४० किलोमीटर. आता मागच्या स्प्रॉकेटचे ४० दात होते ते ३६ केले. कागदावर वेग झाला ताशी २६६ किलोमीटरहून जास्त!

पण कागदावर. हवा रेटण्याएवढी ताकद इंजिनात नसेल तर ते ८,००० फेऱ्यांपर्यंत पोचणारच नाही आणि वेग उलट कमी होईल. सायकलीचा जड गिअर टाकून चढावर काय होते, ते आठवा. त्यातच मिठावरची घसरण आणि त्या दिवशीचा वारा. म्हणून अनुभवी मंडळी वेगवेगळ्या दातांची तीन-चार स्प्रॉकेट बरोबर नेतात आणि प्रत्येक धावेनंतर वहीत नोंद करतात : कोणते स्प्रॉकेट, किती फेरे, किती वेग, वारा कुठून, तापमान किती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. दोन बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

टायर आणि वजन

तुमच्या घरच्या मोटारीच्या टायरवर आकड्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ते त्या टायरची वेगमर्यादा सांगते. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. (एस आणि टी शेजारी आले तरी आपल्या लाल डब्याच्या एस.टी.शी संबंध नाही!) वाटेल तो टायर विक्रमाला चालत नाही, ज्या वेगाला जायचे त्या वेगासाठीच बनवलेला लागतो. का? गोफणीत दगड फिरवताना तो बाहेर ओढ घेतो, तसेच टायरचे रबरही बाहेर ओढ घेत असते. ताशी २०० मैल वेगाला टायरच्या कडेवरचा फक्त एक ग्रॅम रबर जवळजवळ पावणेतीन किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढला जातो. याच ओढीने हवा भरण्याचा व्हॉल्व्ह उघडून हवा जाऊ शकते. म्हणून व्हॉल्व्हवर धातूचे घट्ट टोपण हवे. बोटाएवढीही नसलेली वस्तू, पण तपासनीस ती आधी बघतात.

वजनाची गोष्ट तर अगदी उलटी आहे. शर्यतीची गाडी हलकी असावी असे आपण मानतो. मिठावर मात्र पुष्कळ जण शिशाचे ठोकळे बसवून गाडी जड करतात. वजनाने मागचे चाक मिठावर दाबले जाते आणि घसरण कमी होते. वेग घ्यायला थोडा उशीर लागतो, पण त्यासाठी काही मैलांची वाट मोकळी असते ना!

तपासणीची रांग

आता गाडी तयार आहे असे वाटते. तरी तिला धावण्याची परवानगी अजून मिळालेली नसते. आधी तांत्रिक तपासणी. तिथे वेगाबद्दल कोणी विचारत नाही. विचारतात ते असे :

१. तेल सांडू शकेल अशा बोल्टना तार बांधली आहे का? तार अशा दिशेने पिळतात की बोल्ट सैल होऊ लागला तर तारच त्याला घट्ट ओढते. एक बोल्ट सुटला तर तेल थेट मागच्या टायरवर येते.

२. स्वाराच्या मनगटाला इंजिन बंद करणाऱ्या बटणाची दोरी आहे का? स्वार पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन आपोआप थांबते.

३. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप मिटतो का?

४. चेन तुटलीच तर स्वाराच्या पायाला लागू नये म्हणून मजबूत आवरण आहे का?

५. हँडल थरथरू लागले तर ते सावरणारा दट्ट्या बसवला आहे का?

६. पूर्ण चेहरा झाकणारे, मान्यताप्राप्त हेल्मेट, चामड्याचा अखंड पोशाख, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आहेत का?

बंद कवचाच्या गाडीला याशिवाय पॅराशूट आणि आग विझवण्याची यंत्रणा लागते. स्वाराचीही परीक्षा असते. नवख्याला एकदम भरवेगात सोडत नाहीत. आधी कमी वेगाची धाव, मग थोडी जास्त, अशी एकेक पायरी चढत परवाना वाढवून मिळतो. हे वाचताना कोणाला ते कटकटीचे वाटेल. पण आम्हाला वाटते, या रांगेत उभे राहणे हीच विक्रमाची पहिली कसोटी आहे. आपण मेहनतीने केलेले काम अनोळखी माणसाच्या हाती देऊन ‘शोधा काय चुकले आहे ते’ असे म्हणायला धैर्य लागते.

आणि विक्रम झाल्यावरही तपासणी संपत नाही. साध्या पेट्रोलच्या गटात टाकीला अधिकाऱ्यांनी लावलेले सील शाबूत आहे का ते बघतात. इंजिन उघडून व्यास आणि चाल मोजतात, म्हणजे आपण वर केलेला सीसीचा हिशोब पुन्हा करतात. कागदपत्रे मंजूर होईपर्यंत विक्रम कच्चाच समजायचा.

सत्तेचाळीस वर्षांनी सुटलेले गणित

हे सगळे एका माणसाच्या बाबतीत कसे घडले ते ऐका. बर्ट मन्रो हे न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिल गावचे. जन्म १८९९ चा. त्यांनी १९२० साली ‘इंडियन’ कंपनीची स्काउट मोटारसायकल घेतली. नावावर जाऊ नका, ही ‘इंडियन’ आपल्या देशातली नव्हे, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बनलेली! ६०० सीसीची ती गाडी मुळात ताशी सुमारे ५५ मैल जाई. पुढची कित्येक दशके मन्रो आपल्या शेडमध्ये तिच्यावर काम करत राहिले. विकतचे भाग परवडत नसत, म्हणून पिस्टनसुद्धा ते स्वतः ओतून बनवत. वाढवत वाढवत इंजिन ९५० सीसीच्या आसपास नेले आणि गाडीला माशासारखे निमुळते कवच केले. तुटलेले, जळलेले भाग ते फेकत नसत. एका फळीवर ते ओळीने मांडून वर पाटी लावली होती : वेगाच्या देवाला अर्पण. आपण म्हणू, नैवेद्य!

१९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, मन्रो बॉनव्हिलला पुन्हा उतरले. पात्रतेच्या एका धावेत ताशी १९०.०७ मैल वेग भरला. पण एकाच दिशेची धाव विक्रम ठरत नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. १००० सीसीच्या गटात दोन्ही दिशांच्या सरासरीचा विक्रम नोंदला गेला, ताशी १८३.५८६ मैल. मूळ वेगाच्या तिपटीहून जास्त! वेग एवढा वाढला की हवेशी झुंजायची ताकद किती पट लागते, ते वरच्या नियमाने काढून पाहा. गाडीचा आकार तोच ठेवला असता तर जवळजवळ ३७ पट लागली असती. कवच का केले, ते यावरून कळते.

मन्रो १९७८ साली वारले. २००५ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि ते जगभर माहीत झाले. नोंदीत आकडा तोच राहिला. मग २०१४ साली त्यांच्या मुलाच्या लक्षात आले की दोन धावांचे आकडे आणि त्यांची सरासरी यांचा मेळ बसत नाही. धावा होत्या १८४.७१० आणि १८३.४६३. तुम्हीच बेरीज करा आणि दोनने भागा. उत्तर येते १८४.०८७. मन्रोंना त्यांच्या हक्काचा अर्धा मैल कमी मिळाला होता! अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने हिशोब तपासला आणि ४७ वर्षांनी नोंद दुरुस्त केली.

आम्हाला ही गोष्ट या लेखातली सर्वांत मोलाची वाटते. चूक झाली होती, पण दोन्ही धावांचे कागद जपून ठेवले होते. म्हणून कोणालाही, केव्हाही ती चूक शोधता आली. काट्यावर नुसते बघून ‘एकशे चौऱ्याऐंशी गेलो होतो बुवा’ असे कोणी सांगितले असते, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरलेच नसते.

थोडे मैदानाविषयीही. गेल्या काही दशकांत बॉनव्हिलचा मिठाचा थर पातळ झाला आहे आणि धावण्याजोगी लांबीही घटली आहे. खराब मिठामुळे आणि पाण्यामुळे २०१४, २०१५ आणि २०२२ साली ‘स्पीड वीक’ रद्द करावा लागला. थर टिकावा म्हणून खारे पाणी पुन्हा मैदानावर सोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. सुट्टीत त्या बाजूला गेलात तर ओल्या मिठावर मोटार घालू नका असे आई-बाबांना सांगा. चाके रुततात, आणि चाकोऱ्याही पडतात.

तुम्ही करून पाहा (उत्तरे पुढच्या अंकात)

१. एका मोटारसायकलने मोजलेला एक मैल २२.५ सेकंदांत पार केला. वेग ताशी किती मैल?

२. एका सिलिंडरचे इंजिन आहे. व्यास ५ सेंटिमीटर, चाल ५ सेंटिमीटर. ते १०० सीसीच्या गटात बसेल का?

३. हे मोठ्यांसाठी. जाताना मैलाला १८ सेकंद लागले, म्हणजे ताशी २०० मैल. येताना २० सेकंद, म्हणजे ताशी १८० मैल. दोन वेगांची सरासरी १९०. पण दोन वेळांची सरासरी १९ सेकंद, आणि त्यावरून वेग येतो सुमारे १८९.४७. मग खरी सरासरी कोणती? नियमपुस्तकात हेसुद्धा आधीच का लिहून ठेवावे लागते, ते घरी जेवताना मुलांशी बोला. मराठीत बोललात तर उत्तमच!